वाकण्याची तालीम

ज्याच्या घरची आठवण, त्यानंच ती अंगावर घ्यायची. हा माझ्या शिबिरांचा पहिला नियम होता आणि मला त्याचा फार अभिमान होता. पुण्यात नाटक शिकून चिखलीला परत आल्यावर सात वर्षं मी गावोगावी मुलांची शिबिरं घेतली आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्या दिवशी हे वाक्य म्हटलं. म्हणून झाल्यावर जरा थांबायचेसुद्धा, म्हणजे ते मुलांच्या मनात मुरावं. आता ते वाक्य आठवलं की माझी कानशिलं तापतात.

आमचं काम असं असतं. दहा दिवस, बारा-पंधरा मुलं. पहिल्या दिवशी मुलांनी घरी जायचं, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसायचं आणि त्याला लहानपणीचा एक दिवस विचारायचा. अख्खं आयुष्य नाही, एकच दिवस. दुसऱ्या दिवशी गोल करून बसायचं आणि ज्यानं त्यानं आणलेला दिवस सांगायचा. त्यातले तीन-चार निवडून आम्ही प्रसंग बसवतो आणि शेवटी गावासमोर करतो. ज्यांच्या आठवणी असतात ती म्हातारी माणसं पहिल्या रांगेत बसून डोळे पुसतात, आणि मी पडद्याआडून कुणाकुणाचे डोळे भरले ते बघत असते. खोटं कशाला बोलू, मला ते बघायला आवडतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत साखरखेर्ड्याला शिबिर होतं. लग्नसराई सुरू व्हायची होती म्हणून एका मंगल कार्यालयाचा हॉल सहज मिळाला. स्टेजवर कुठल्या तरी जुन्या लग्नातली थर्माकोलची कमान तशीच उभी होती आणि तिच्यावर नवरा-नवरीची नावं अर्धवट खरवडलेली होती. या वेळी गावातला प्रयोग झाला की लगेच बुलढाण्याला, युवकांच्या नाट्यमहोत्सवात तोच करायचा होता. त्यामुळे मी जरा जास्तच पेटले होते.

पायल अकरावीत होती. उंच, हातपाय लांब, आणि आवाज असा की माइकशिवाय शेवटच्या खुर्चीपर्यंत जायचा. पहिल्याच दिवशी चहाच्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली आणि नाटकाचं कॉलेज असतं का, तिथं कोण शिकवतं, मुलींना होस्टेल मिळतं का, असे प्रश्न तिनं एका दमात विचारले. मी सगळी माहिती दिली. तिनं ती वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतली आणि घरी अजून कुणाला बोलले नाही, असं हळूच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गोल करून बसलो. पायलची मैत्रीण वैष्णवी आपल्या आजोबांचा, हिंमतरावांचा, दिवस घेऊन आली होती. त्यांच्या घरी पहिला रेडिओ आला तेव्हा आतून पुरुषाचा आवाज येतो म्हणून हिंमतरावांच्या आईनं डोक्यावरून पदर घेतला आणि बातम्या संपेपर्यंत रेडिओकडे पाठ करून बसली. आम्ही हसून हसून लोळलो. मग पायल बोलायला लागली.

तिची आजी म्हणजे सिंधूताई. गावात त्यांनी तीस वर्षं अंगणवाडी चालवली, त्या हॉलमधल्या निम्म्या मुलांनी त्यांच्या हातची खिचडी खाल्लेली होती. त्यांचं माहेर मेहकरकडचं एक लहान खेडं. तिथल्या शाळेच्या ओसरीवर पाण्याचा रांजण असायचा आणि बौद्धांच्या मुलांनी त्याला हात लावायचा नाही, असा रिवाज होता. तहान लागली की पायरीखाली जाऊन वाकायचं, ओंजळ धरायची आणि वरून कुणी पाणी ओतेल त्याची वाट बघायची. एके दिवशी वर्गातल्या एका मुलीनं मुद्दाम उंचावरून ओतलं. सिंधूच्या काखेतल्या पाटीवर पाणी पडलं, गणितं पुसून गेली, आणि गणितं केली नाहीत म्हणून गुरुजींनी तिला छड्या मारल्या. चौथीत गेल्यावर मात्र एका दुपारी ती सरळ पायरी चढून वर गेली, रांजणाचं झाकण बाजूला केलं, स्वतःच्या हातानं पाणी घेतलं आणि उभं राहून प्यायली. त्या दिवशी मार बसला. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तेच केलं, पुन्हा मार बसला. तिसऱ्या दिवशी मारणाऱ्यालाच कंटाळा आला, आणि तिच्यामागून बाकीची पोरंही वर चढली.

पायलनं हे इतकं सरळ सांगितलं की कुणी खोकलंसुद्धा नाही. माझ्या अंगावर काटा आला. आणि काटा अजून उभा आहे तोवरच माझ्या डोक्यात प्रसंग बसायला लागला होता. पाटीवरची गणितं पाण्यानं पुसली जाताहेत, असलं दृश्य बसून लिहिलं असतं तर मला जन्मात सुचलं नसतं. बुलढाण्याला हेच घेऊन जायचं, मी तिथल्या तिथं ठरवलं.

लहान सिंधू कोण करणार, हा प्रश्नच नव्हता. नियम होता. पायल मात्र चहाच्या सुट्टीत येऊन म्हणाली की तिला गोष्ट सांगणारी व्हायचंय, तिनं सुरुवातीचं बोलणं लिहूनही आणलंय, वाकणारी मुलगी दुसऱ्या कुणी केली तर चालेल का. मी तिला म्हटलं, तुझ्या आजीचं दुःख दुसरं कोण करू शकणार आहे? वाक्य ऐकायला भारी होतं. ती वही मिटून जागेवर गेली आणि मला वाटलं, तिला पटलं.

पाणी ओतणारी म्हणून मी वैष्णवीला घेतलं. दोघी एका बाकावरच्या, एकमेकींवर विश्वास असेल तर काम चांगलं होतं, हे माझं तंत्र. पायरीवर उभी राहणारी बाकीची मुलंही ठरली. त्या हॉलमध्ये ताठ उभी राहणारी सगळी मुलं एका बाजूची होती आणि वाकणारी एकटी दुसऱ्या बाजूची, हे इतकं ढळढळीत समोर असून मला दिसलं नाही. मी जात मानत नाही, चिखलीत घरच्यांशी त्यावरून चार वेळा भांडले आहे, म्हणजे मी यातून पार झाले, असा माझा ठाम समज होता. दीडशहाण्या माणसाला सांगणार कोण?

तिसऱ्या दिवशी मी शेवट कापला. सिंधू वर चढून पाणी पिते तो भाग केला की बघणाऱ्याला हायसं वाटतं आणि तो घरी जाऊन पोटभर जेवतो. मला लोकांचं जेवण बिघडवायचं होतं. म्हणून पाटी पुसली जाते, मुलगी वाकलेलीच राहते आणि अंधार होतो, असा शेवट मी केला. आजीचा तो भाग कधी बसवायचा, असं पायलनं विचारलं तेव्हा मी नंतर बघू म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं नाही.

पाणी खरंच हवं, हा माझाच हट्ट. हॉलच्या स्वयंपाकघरातून बादली आणि ओगराळं आणलं. वैष्णवी सुरुवातीला अगदी जवळून, सांभाळून ओतायची. मी तिला थांबवलं. आत्ता तू तिची मैत्रीण नाहीस, मी म्हटलं, हात वर घे, तिच्याकडे बघू नकोस, दुसरीशी बोलत बोलत ओत. पायलला म्हटलं, मान अजून खाली, कोपरं अंगाशी, तू जागा कमी व्यापतेयस असं दिसू दे. तिला ते दोन दिवसांत जमलं. तिची ती लांबसडक अंगकाठी इतकी लहान व्हायची की मी थक्क व्हायचे. छान, पायल, मी म्हणायचे, फार छान, पुन्हा एकदा. ती रोज दुसरा कुर्ता पिशवीत घालून आणायला लागली, कारण पहिला गळ्यापासून ओला व्हायचा.

सहाव्या दिवशी जे झालं ते मी एकीशिवाय आजवर कुणाला सांगितलेलं नाही. चहाची सुट्टी होती. चंद्रशेखर नावाचा एक थट्टेखोर मुलगा पाण्याची बाटली घेऊन पायलसमोर आला आणि ओंजळ कर म्हणाला. सगळी हसली. पायलही हसली, आणि हसता हसता ती वाकली आणि तिचे दोन्ही हात आपोआप जुळले. त्यानं पाणी ओतलं, ती प्यायली, ओठ पुसले आणि बोलत राहिली. मी दहा पावलांवर बिस्किट खात उभी होते. मी सगळं बघितलं. मला काय वाटलं तेही लिहून टाकते, कारण ते लपवलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला वाटलं, चला, अंगवळणी पडलं, आता बुलढाण्याला चुकायची नाही.

सातव्या दिवशी मी सिंधूताईंना तालीम बघायला बोलावलं. परवानगी मागायला नव्हे. कौतुक ऐकायला. त्या दुपारी आल्या, हातातल्या पिशवीत मुलांसाठी भाजलेले शेंगदाणे होते. मुलांनी धावत जाऊन खुर्ची दिली. पंचाहत्तरीच्या जवळ आलेली बाई, पण बसली ती पाठ खुर्चीला न टेकता.

प्रसंग झाला. त्या दिवशी तो सगळ्यात चांगला झाला होता. पाटीवरून पाणी ओघळलं, पायल वाकलेली राहिली, मी हॉलचे दिवे बंद केले आणि पुन्हा लावले. मग सवयीनं सिंधूताईंच्या डोळ्यांकडे बघितलं. ते कोरडे होते. त्या स्टेजकडे बघत तशाच बसून होत्या, पुढचं सुरू व्हायची वाट बघत.

"झालं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हो, इथंच संपतं.

"मंग मी पानी पेली, ते कुठी गेलं?"

मी समजावायला लागले. शेवट अर्धा ठेवला की प्रेक्षक अस्वस्थ होतो, प्रश्न घरी घेऊन जातो, असं बरंच काही बोलले. माझी पुण्याची मराठी मलाच ऐकू येत होती. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही, अंगणवाडीतल्या पोराचं ऐकावं तसं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्या उठून स्टेजजवळ गेल्या आणि पायलच्या कुर्त्याला हात लावून बघितला.

"रोज करून राह्यली का हे?"

"हाव," पायल म्हणाली.

"कितीक वेळा?"

"मॅडम म्हनतीन तितक्या वेळा."

काहीतरी बोलायलाच हवं होतं. नाटक आहे ते, सिंधूताई, मी म्हटलं.

"पानी तं खरं हाये ना," त्या म्हणाल्या. पदरानं पायलचा गळा पुसला, हात पुसले, दोन्ही तळवे उलटे करून पुन्हा पुसले. मग माझ्याकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता, उलट उतरलेला होता. "मले शाळेत बसाचं होतं म्हनून मी वाकत होती, बाई. त्याच्याबिगर शाळेत बसू देत नव्हते. हिले तुम्ही काऊन वाकवता?"

सात वर्षं मुलांना, समोरच्याचं ऐका, मग बोला, असं शिकवत होते, आणि त्या दिवशी मला ऐकूही येत होतं आणि बोलताही येत नव्हतं. बारा मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. जमिनीत गडप व्हावंसं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं.

सिंधूताईंनी पिशवी सोडली आणि आणलेले शेंगदाणे सगळ्यांना वाटले. प्रत्येकाला मूठभर, तीस वर्षं वाटत आल्या तसे. वैष्णवी हात मागे घेऊन उभी होती. तिचा हात ओढून त्यांनी त्यात शेंगदाणे ठेवले आणि तुझी काही चूक नाही, पोरी, असं म्हटलं. मलाही मूठभर दिले. मग पायलला घेऊन त्या निघून गेल्या.

मी त्यांच्यामागे जायला हवं होतं. शिबिर तिथंच थांबवायला हवं होतं, निदान मुलांशी बोलायला तरी हवं होतं. मी काय केलं, तर दहा मिनिटांनी टाळी वाजवून रेडिओच्या प्रसंगाची तालीम सुरू केली. दिवस थोडे उरले होते, असं मी स्वतःला सांगितलं. संध्याकाळी वैष्णवी थांबली आणि रडवेल्या तोंडानं म्हणाली, "मॅडम, मी हळूच ओतत होती. तुम्हीच म्हनलं, वरून ओत." हो गं, मीच सांगितलं होतं, असं मी म्हणाले. ती घरी गेली आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या शेजारी बसेनाशी झाली.

गावातल्या प्रयोगाला पायल आली नाही. पहिल्या रांगेतली सिंधूताईंची खुर्ची मोकळी राहिली. मी माइक हातात घेऊन सांगितलं की एक मुलगी आजारी पडल्यामुळे एक प्रसंग गाळावा लागतोय. निम्म्या गावाला खरं काय ते तोवर माहीत झालं होतं. मागच्या रांगांमध्ये कुणीतरी कुणाच्या तरी कानाला लागलं. ते मला दिसलं आणि मी ऐटीत पुढच्या प्रसंगाचं नाव पुकारलं. रेडिओवर लोक खूप हसले, हिंमतरावांना उभं राहून हात जोडावे लागले. बुलढाण्यालाही तो प्रसंग गाजला. परत येताना जीपमध्ये मुलं गाणी म्हणत होती. मी पुढच्या सीटवर झोपेचं सोंग घेऊन बसले होते.

महोत्सव आटपला की जाऊ, असं मनाला बजावलं होतं. तो आटपल्यावरही मी नऊ दिवस गेले नाही. रोज एक कारण सापडत गेलं आणि प्रत्येक कारण मला पुरेसं वाटत गेलं. शेवटी एका सकाळी चिखलीहून साखरखेर्ड्याची बस धरली आणि भीमनगरात सिंधूताईंचं घर विचारत गेले. त्या दारात बसून हरभरा निवडत होत्या. मला बघून त्यांनी सूप बाजूला केलं आणि बसायला सतरंजी टाकली. मी बसमध्ये पाठ केलेली माफी बोलून दाखवली. माझं चुकलं, तुमची आठवण मी अर्धी केली, तुम्हाला त्रास दिला, वगैरे. बोलताना डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचीही मला लाज वाटली, कारण ते जरा लवकर आलं.

"मले काऊन सांगता?" त्या म्हणाल्या. "माह्यं तं कवाच उरकलं. तिले सांगा." त्यांनी पायलला हाक मारली आणि सूप घेऊन आत गेल्या.

पायल बाहेर येऊन माझ्यासमोर बसली. हातावर मेंदी होती, घरात कुणाचं तरी लग्न ठरलं होतं म्हणे. तिच्यासाठी मी काहीच पाठ केलेलं नव्हतं. जे सुचलं ते बोलत गेले. तू गोष्ट सांगणारी व्हायचं म्हणत होतीस, मी ऐकायला हवं होतं. वाकायला नको म्हणालीस तेव्हाच थांबायला हवं होतं. चंद्रशेखरनं थट्टा केली ती मी बघितली होती आणि गप्प बसले होते, हेही सांगितलं. ते ऐकून तिनं पहिल्यांदा वर बघितलं. मी बघत होते, हे तिला माहीत नव्हतं. मी आजवर केलेल्या कामाची मला त्या क्षणी जितकी शिसारी आली तितकी सिंधूताईंसमोरही आली नव्हती.

मग मी कॉलेजचा विषय काढला, कारण माझ्याकडे तिला देण्यासारखं तेवढंच होतं. बारावीनंतर मी स्वतः फॉर्म भरून देईन, परीक्षेची तयारी करून घेईन, पुण्याला सोबत येईन, असं म्हटलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मला राग नाही आला, मॅडम, असं ती आधी म्हणाली. पहिले दोन दिवस वाईट वाटायचं, मग नाही वाटलं.

"तुम्ही रोज छान म्हनत होत्या ना," ती म्हणाली. "मले आधी कोनी कशाले छान म्हनलं नव्हतं. मंग मले वाटाले लागलं का आपल्याले हेच चांगलं जमते." ती थोडा वेळ मेंदीचे सुटलेले पापुद्रे खरवडत बसली. "कॉलेजात पन मले हेच देतीन ना करायले?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच माहिती हवी होती, आणि ती देऊ शकेल असं तिच्या ओळखीतलं माणूस मी एकटीच होते. मी तिथं तीन वर्षं काढली होती. कुणाच्या वाट्याला कसली कामं येतात ते बघितलं होतं, आणि त्यात मला तेव्हा काही वावगंही वाटलं नव्हतं. नाही गं, तसं काही नसतं, असं मी तिला म्हटलं. तिनं बरं म्हटलं आणि चहा ठेवते म्हणून ती आत गेली.